बोट दाखवायला कोणती भाषा लागते?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी गेली 19 वर्षं बालवाडी चालवते. एवढ्या वर्षांत पालकांना सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर "बोलेल गो, कशाला घाबरतेस?" नव्वद टक्के पोरं बोललीही असतील, मोजायला कोण बसलंय? पण एकदा हेच मी चुकीच्या आईला सांगितलं. ते अजून टोचतं, म्हणून लिहितेय.

मुलगा सव्वातीन वर्षांचा. गोड, शांत, रडणं नाही की डबा सांडणं नाही. तहान लागली की माझ्याजवळ यायचा, मनगट धरायचा, ओढत नळापर्यंत न्यायचा आणि माझा हात उचलून नळावर ठेवायचा. या सगळ्यात माझ्या तोंडाकडे एकदाही बघायचा नाही. मला त्याचं केवढं कौतुक! "बघ कसा काम करून घेतो," असं मी मदतनीस बाईला हसून सांगायची. माणसाकडे पाणी मागणं वेगळं आणि माणसाचा हात चिमट्यासारखा वापरणं वेगळं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पोर अजून बोलत नाही म्हणून आईला शंका होती. दोनदा तिनं विचारलं. मी म्हटलं, घरी कोंकणी, आजोळी मराठी, टीव्हीवर हिंदी आणि माझ्याकडे इंग्रजी राइम्स, पोर गोंधळलंय. घरी सासू म्हणायची, "उलयतलो गो, घाय कित्याक?" म्हणजे बोलेल गो, घाई कशाला? एका डॉक्टरांनीही "मुलगे उशिराच बोलतात, थांबा" म्हणून परत पाठवलं. तिघांनी मिळून तिचं एक वर्ष खाल्लं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे हे कळलं तेव्हा पोर साडेचार वर्षांचं होतं.

भाषांची ही सबब आपल्या गोव्यात फार सोयीची आहे, कारण प्रत्येक घरात ती लागू पडते. पण दोन-तीन भाषांत वाढल्यानं मुलाच्या बोलण्याला खीळ बसत नाही. शब्द मोजताना तेवढे सगळ्या भाषांतले एकत्र मोजायचे. घरी 'उदक' आणि शाळेत 'वॉटर' म्हणणाऱ्या पोराकडे दोन शब्द आहेत. दोन वर्षांचं झाल्यावर त्यानं 'उदक दी' असं काहीतरी जोडून म्हणायला हवं, मग ते खिचडी भाषेत का असेना. आणि बोट दाखवायला कोणती भाषा लागते? मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की मूल आधी वर बघतं, मग वळून आपल्याकडे बघतं, 'तुलाही दिसलं ना?' अशा नजरेनं. ते वळून बघणं नसेल, तर चार भाषांना दोष देऊन काय उपयोग?

आता मी वेगळ्या गोष्टी बघते. नावानं हाक मारल्यावर वळतं का. खोटी खोटी चहा-भाकरी करतं का. तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्या माणसाला कळतं का. जिना चढताना, चमचा धरताना बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच मागे आहे का. आणि एका गोष्टीत मी एक दिवससुद्धा थांबायला सांगत नाही: आधी येत असलेले शब्द किंवा खेळ गेले असतील तर. वय कितीही असो, लगेच दाखवायचं.

तपासणी म्हणजे शिक्का, ही भीती मला समजते. गावात कोण काय बोलेल, पुढे शाळेत प्रवेश मिळेल का, सगळं डोक्यात येतं. पण माझ्याकडे एक मुलगी होती. 'लक्ष देत नाही, हट्टी आहे' असं तिच्या प्रगतिपत्रकात मीच लिहिलं होतं. तपासल्यावर काय निघालं? सर्दी होऊन होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं. पोरीला अर्धं ऐकूच येत नव्हतं! म्हणून बोलण्यात उशीर असेल तर कान आधी तपासून घ्या, मूल टाळीला दचकत असलं तरी.

कुठे जायचं? आधी मुलांचे डॉक्टर किंवा जवळचं आरोग्य केंद्र, तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि पुढचे उपचारही मोफत. पण त्यातल्या या तपासण्या अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत होतात. माझ्यासारख्या खासगी बालवाडीत येणारं पोर कुणाच्या यादीत? फी भरणाऱ्या घराला पोराचं सगळं आपोआप कळतं, असं गृहीत धरलंय बहुतेक. लसीच्या दिवशी डॉक्टर घाईत असले तरी विचारून घ्या. घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, दवाखान्यात पोरं घाबरून गप्पच बसतात. नंबर लागायला वेळ असेल तर तोवर मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याशी खेळा, बोला. निदानाचा कागद हातात यायची वाट बघत बसू नका.

यंदा जूनमध्ये प्रवेशाचा फॉर्म भरताना एक आई हळूच म्हणाली, "टीचर, हा अजून दोन शब्द जोडत नाही." जुनं वाक्य जिभेवर आलंच होतं. फॉर्म बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "काही हवं असलं की तुला कसं सांगतो?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा हात धरून नेतो."