उत्तर कोणी द्यायचे?

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला आले असताना राजारामपुरीत पालकांच्या एका बैठकीला बसण्याचा योग आला. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या आणि अठरा वर्षे केव्हाच ओलांडलेल्या मुलांचे हे पालक होते. 'मुले' म्हणायची इतकेच, त्यांतील कित्येकांचे केस पांढरे झाले आहेत. चर्चेचा विषय या घरांत वर्षानुवर्षे चालत आलेलाच होता: आमच्या पश्चात यांचे काय? एका पक्षाचे म्हणणे होते की शहराबाहेर जागा घेऊन शंभरेक जणांसाठी कायमचा निवासी प्रकल्प उभारावा. दुसऱ्या पक्षाला वाटत होते की संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम 2025 मध्ये 1,500 रुपयांवरून 2,500 रुपये झाली असली तरी ती अपुरी आहे, आणि आधी तीच वाढवून घ्यावी. नियोजित प्रकल्पाचा नकाशा हातोहात फिरला. खोल्या, स्वयंपाकघर, कुंपण, कॅमेरे असे सगळे त्यात होते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्यांपैकी सहासात जण मागच्या खुर्च्यांवर बसले होते आणि दोन तासांत त्यांना विचारला गेलेला एकमेव प्रश्न 'चहा पाहिजे का?' हा होता.

मी अमेरिकेतील ओहायो राज्यात अकरा वर्षे सेवा-समन्वयक म्हणून काम करते. माझ्या यादीतील प्रौढ व्यक्तींना काय मदत हवी हे ठरवणे, ती देणारी संस्था शोधून देणे आणि ती नीट मिळते का हे पाहणे, असे या कामाचे स्वरूप आहे. आमच्याकडे हा खर्च काही अंशी काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, मालमत्ता करातून भागतो, आणि त्या कराला मतदारांनी मतपेटीतून मंजुरी द्यावी लागते. आपल्या घरपट्टीतील वाटा या कामाला द्यावा की नाही यावर शिवाजी पेठेत मतदान झाले तर काय होईल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. उत्तर मी येथे लिहीत नाही.

अमेरिकेतील बहुतेक राज्ये 'नॅशनल कोअर इंडिकेटर्स' या 1997 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात भाग घेतात. सेवा घेणाऱ्या प्रौढांचा नमुना निवडून त्यांच्या समक्ष मुलाखती घेतल्या जातात. तुम्ही कोठे राहायचे हे कोणी ठरवले? घरी पाहुण्यांबरोबर तुम्हाला एकांत मिळतो का? गेल्या महिन्यात खरेदीला, करमणुकीला, देवळात किंवा चर्चला किती वेळा गेलात? मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रश्नावलीची रचना. तिचा एक भाग असा आहे की त्याची उत्तरे फक्त त्या व्यक्तीनेच द्यायची असतात. आई, भाऊ किंवा काळजीवाहक यांनी दिलेले उत्तर तेथे धरले जात नाही. दुसऱ्या भागात, म्हणजे कोण किती वेळा बाहेर गेले यासारख्या दिसण्याजोग्या गोष्टींत, जवळच्या माणसाचे उत्तर चालते. पहिला भाग संपला की त्या व्यक्तीला प्रश्न समजले होते का आणि उत्तरे सुसंगत होती का, हे मुलाखत घेणारा नोंदवतो. जो सेवा देतो त्याने विचारायचे नाही, हाही दंडक आहे; त्यामुळे माझ्या यादीतील माणसाची मुलाखत चालू असते तेव्हा मी बाहेर गाडीत बसून राहते.

या काटेकोरपणामागे इतिहास आहे. 1967 साली अमेरिकेतील सरकारी निवासी संस्थांत बौद्धिक दिव्यांगत्व असलेली सुमारे 1 लाख 95 हजार माणसे राहत होती. पेनसिल्व्हेनियातील पेनहर्स्ट ही संस्था 1908 मध्ये उघडली आणि 1977 मध्ये तिच्याविरुद्ध न्यायालयाचा निकाल लागला, त्यानंतर तेथील रहिवाशांना छोट्या घरांत हलवण्यात आले व त्यांचे पुढे काय झाले याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. हलवण्याला सुरुवातीला अनेक पालकांचाच विरोध होता, कारण संस्थेला कुंपण होते आणि संस्था कायमची होती. पुढे त्याच पालकांपैकी बहुतेकांनी आपले मूल आता बरे राहते असे सांगितले. संस्था 1987 मध्ये बंद झाली. राजारामपुरीत नकाशा माझ्या हातात आला तेव्हा मला पेनहर्स्ट आठवले, आणि मी ते बोलून दाखवले नाही याची खंत आहे. पाहुण्याने उपदेश करू नये, हा संकोच आड आला.

आपल्याकडे मोजमाप होत नाही असे नाही. 2011 च्या जनगणनेने देशात 2.68 कोटी दिव्यांग मोजले, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्वाचे सुमारे 15 लाख होते. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. प्रमाणपत्रावर टक्केवारी असते, युडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रावर क्रमांक असतो, आणि किती साहित्य वाटले, किती शिबिरे झाली याचे आकडे वर्षअखेरीस छापून येतात. हे सर्व आकडे दिव्यांगत्वाविषयी किंवा देणाऱ्याविषयी बोलतात. घेणाऱ्याचा दिवस कसा गेला हे त्यांतून कळत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा प्रौढांच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. तेथेही बोलायचे ते अर्ज करणाऱ्यानेच, असाच घरोघरीचा समज आहे.

माझा एक आतेभाऊ शिवाजी पेठेत राहतो. वय सत्तेचाळीस, त्याला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे. आम्ही त्याला दादाच म्हणतो. त्याचा धाकटा भाऊ आणि वहिनी त्याला मनापासून सांभाळतात, त्याच्या आंघोळीचे पाणी, गोळ्या, कपडे यांत कधी कमी पडत नाही. बैठकीनंतरच्या एका सकाळी मी त्याला ओहायोच्या धर्तीवर काही प्रश्न विचारले. "इथं बरं वाटतं का?" "व्हय." "कंटाळा येतो का?" "व्हय." "एकटं राहावंसं वाटतं?" "व्हय." समोरच्याला बरे वाटावे म्हणून होकार देत सुटण्याची ही सवय या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तोच प्रश्न उलटून विचारायची पद्धत आहे. प्रत्येक वेळी वहिनी त्याच्या आधी उत्तर देत होत्या, हेही खरे. त्या दूध आणायला गंगावेशीला गेल्या तेव्हा मी हो-नाहीचे प्रश्न सोडून दिले आणि विचारले, "दादा, संध्याकाळी कुठं जावंसं वाटतं?" तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "म्याच."

आत्याचे यजमान त्याला शाहू स्टेडियमवर फुटबॉलला नेत असत. ते जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर कोणी नेले नाही, आणि त्याला ते आठवते आहे हे घरात कोणाच्या ध्यानातही आले नव्हते.

ओहायोची बाजू उजळ करून सांगण्याचा माझा हेतू नाही. अमेरिकेच्या 2014 च्या केंद्रीय नियमानुसार सेवा पुरवणाऱ्याच्या मालकीच्या घरातसुद्धा त्या व्यक्तीला खोलीला कुलूप लावता आले पाहिजे, हवे तेव्हा खाता आले पाहिजे आणि हवा तो पाहुणा हवा तेव्हा आला पाहिजे. माझ्या यादीतील एका गृहस्थांच्या कागदावर हे सारे 'होय' आहे. त्यांच्याकडे किल्ली आहे, फ्रिज आहे, आणि दाराशी येणारा पाहुणा मात्र नाही. पगार कमी असल्याने थेट काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के दर वर्षी काम सोडून जातात. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका मुलीची दर शुक्रवारी वाट पाहतात. दादाला पेठेतील पानवाला, रिक्षावाले आणि तालमीतील पोरे नावाने हाक मारतात. ओहायोच्या प्रश्नावलीत त्याला या ओळखीचे गुण फारसे मिळणार नाहीत, आणि किल्लीच्या प्रश्नात तो साफ नापास होईल, कारण त्या घराचे दार दिवसा बंदच नसते.

तेव्हा प्रश्न आपले आपणच बसवावे लागतील. मी असे विचारीन: अनुदानाच्या पैशांतून चहा प्यायचा तर नोट तुझ्या हातात असते का? लग्नाला तुला नेतात की घरी कोणाला तरी तुझ्याजवळ ठेवतात? तुझ्यावर कोणी ओरडले तर कोणाला सांगतोस? विचारणारा घरचा नसावा आणि संस्थेचाही नसावा. शिवाजी विद्यापीठातील समाजकार्याचे विद्यार्थी हे काम शिकू शकतील. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातील लहानसा भाग या मुलाखतींवर खर्च झाला तर पुढचा पैसा कोठे लावायचा हे तरी कळेल.

दादाच्या भावाला मॅचचे सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "अगं ताई, त्या गर्दीत त्याला धरून बसायचं कुणी? दुकान सोडून मला जमत न्हाई." हरकत रास्त आहे. आठवड्यातून एक दिवस तीन तासांसाठी दादाबरोबर बसणारा एक माणूस, इतकीच ही गरज आहे. बैठकीतल्या त्या नकाशात असा माणूस कोठेही दाखवलेला नव्हता.