‘जिन्हें नाज़ है हिंद पर’ : एक खुलासा

स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास पाहून साहिर लुधियानवी यांनी ‘प्यासा’ या चित्रपटासाठी (1957) हे गाणं नव्यानं लिहिलं, असा मजकूर सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

गाण्याचा मूळ गाभा म्हणजे साहिर यांची ‘चकले’ (म्हणजे कुंटणखाने) ही नज्म, उर्दू कविता. ती स्वातंत्र्यापूर्वीच्या ‘तल्ख़ियाँ’ या संग्रहात आहे. तेव्हा देश पारतंत्र्यात होता, नेहरूंचं सरकार यायचं होतं. मूळ नज्मेत जाब विचारलाय तो पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना. पोरीबाळींचा बाजार मांडायचा आणि वर संस्कृतीचा टेंभा मिरवायचा, या ढोंगावर साहिर यांचा राग होता.

चित्रपटासाठी अवघड उर्दू सोपी केली, ध्रुवपदात ‘हिंद’ आला आणि तोच सवाल नव्या प्रजासत्ताकाच्या दारात उभा राहिला. गाण्याआधीचा प्रसंग नीट पाहा : आजारी तान्हं रडतंय, आईला त्याच्याकडे जाऊ न देता नाचायला लावलंय. चित्रपटाचा नायक विजय तिथून उठतो, झिंगत वेश्यावस्तीच्या गल्लीत येतो आणि रफींचा आवाज सुरू होतो.

म्हणून हे गाणं एखाद्या सरकारवरची टीका म्हणून पुढे पाठवू नका. ब्रिटिश गेले तरी त्या गल्लीतल्या बायकांचं काहीच बदललं नव्हतं, हे साहिर यांचं खरं दुखणं होतं.