एका इंजेक्शनात सिकलसेल बरा? ते फॉरवर्ड आधी डिलीट करा

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर सिकलसेलबद्दल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, एकच मेसेज फिरतोय. "सिकलसेल आता एका इंजेक्शनात मुळापासून बरा! भारतीय शास्त्रज्ञांचा चमत्कार! जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा." खाली तिरंगा, डीएनएची निळी शिडी, जोडलेले हात. पोहोचवलंत तुम्ही. दुपारी गोंदियाकडचा एक बाप मुलीची फाइल बगलेत धरून तोच मेसेज मोबाइलवर दाखवत उभा होता. "मॅडम, हे इंजेक्शन कुठी भेटते जी? वावर इकतो मी."

मुलगी नऊ वर्षांची, वजन 18 किलो. एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलचा जीन आलेली. फाइलीत हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे सिकलसेलची रोजची गोळी, लिहिलेली, पण औषध बंद. काहून बंद? "आता इंजेक्शन येऊन रायलं ना, मंग गोळी कायले."

म्हणजे हे फॉरवर्ड नुसतं चुकीचं नाही, त्यानं एका लेकराचं चालू औषध बंद पाडलं. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांनी ते ढकललंय, त्यात डॉक्टरही आहेत. तुम्हाला तरी कळायला हवं होतं.

मेसेजमध्ये काय काय कालवलंय ते बघा. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेत फिलाडेल्फियात केजे नावाच्या बाळाला जीन दुरुस्त करणारं औषध खरंच शिरेतून दिलं गेलं. पण त्याचा आजार यकृतातल्या सीपीएस-1 एन्झाइमचा, आणि डोसही एक नव्हता, तीन होते. चरबीच्या सूक्ष्म थेंबात भरलेला एमआरएनए रक्तात सोडला की रक्तातलं एपोई प्रथिन त्याला चिकटतं आणि तो सरळ यकृतात ओढला जातो. म्हणून यकृताचे आजार आधी हाती लागतायत. सिकलसेलचा कारखाना हाडांच्या मगजात आहे, तिथल्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशींपर्यंत ते थेंब पुरेशा प्रमाणात अजून पोहोचत नाहीत.

दुसरी बातमी आपल्याकडची. दिल्लीच्या आयजीआयबी या जीन संशोधन संस्थेनं एनएफएनकॅस9 नावाची स्वतःची जीन कापणारी कात्री वापरून सिकलसेलसाठी बिरसा-101 तयार केलं. नोव्हेंबर 2025 मध्ये ते जाहीर झालं, सीरम इन्स्टिट्यूटबरोबर करारही झाला. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण जाहीर झालं म्हणजे मेडिकल चौकातल्या दुकानात आलं असं होत नाही. मधे चाचण्या आहेत, मंजुरी आहे, कारखाना आहे.

तिसरी बातमी कॅसजेव्ही या सिकलसेलच्या जीन थेरपीची. 16 नोव्हेंबर 2023 ला ब्रिटनची मंजुरी, 8 डिसेंबरला अमेरिकेची. हिच्यात काय करावं लागतं ते सांगते, कारण "एक इंजेक्शन" हा शब्द तिथूनच आलाय. शेवटी पेशी शिरेतून चढवतात, तेवढंच लोकांना दिसतं.

त्याआधी हायड्रॉक्सियुरिया निदान आठ आठवडे बंद. त्याच काळात वारंवार रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन 30 टक्क्यांच्या खाली ठेवायचं. मग प्लेरिक्सॅफॉर देऊन मूळपेशी मगजातून रक्तात उतरवायच्या. इतर आजारांत यासाठी जी-सीएसएफ वापरतात, पण सिकलसेलमध्ये ते चालत नाही. पांढऱ्या पेशी एकदम वाढतात, जबर क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका, येतो, रुग्ण दगावल्याचीही नोंद आहे. मग अ‍ॅफेरेसिसच्या मशीनवर (ते रक्तातून या पेशी वेगळ्या काढतं) तासन् तास, तेही सलग दोन-तीन दिवस. लक्ष्य वजनाच्या किलोमागे 2 कोटी मूळपेशींचं (सीडी34 ही त्यांची खूण). एका फेरीत तेवढ्या मिळत नाहीत म्हणून परत बोलावतात. चाचणीत साधारण दोन फेऱ्या लागल्या, काहींना सहापर्यंत. शिवाय किलोमागे 20 लाख पेशी न कापता बाजूला गोठवायच्या. दुरुस्त केलेल्या पेशी रुजल्याच नाहीत तर जीव वाचवायला त्याच कामी येतात.

मग कारखाना. विजेचा झटका देऊन पेशींच्या आवरणाला क्षणभर भोकं पाडतात, आत कात्री जाते. आणि ती सिकलचं अक्षर दुरुस्त करत नाही, हे बातम्यांत कुठंच नसतं. ती बीसीएल11ए या जीनचा लाल पेशींपुरता चालणारा स्विच तोडते. हा जीन जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतो. स्विच तुटला की एचबीएफ पुन्हा बनायला लागतं, आणि ते असलं की सिकल हिमोग्लोबिनच्या दोऱ्या वळल्या जात नाहीत. दोष जागेवरच राहतो, पुढच्या पिढीत जातोही. सगळी तपासणी होऊन पेशींची पिशवी परत यायला सहा महिने लागू शकतात. ती उणे 135 अंशांच्या खाली, द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवावी लागते.

एवढं झाल्यावर खरा कठीण भाग. बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध, चार दिवस. स्वतःचा मगज रिकामा करायचा म्हणजे नव्या पेशींना जागा होते. रक्तातली पातळी मोजून डोस बदलत राहायचा. कमी पडला तर पेशी रुजत नाहीत, जास्त झाला तर यकृत धोक्यात. आकडी येऊ नये म्हणून वेगळं औषध. तोंडापासून आतड्यापर्यंत सगळं सोललं जातं. आणि मूल होण्याची क्षमता बहुधा जाते, म्हणून आधीच बीजांड किंवा वीर्य गोठवण्याचं बोलावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या बापाशी हे बोलणं कसं करायचं, सांगा मला. त्यानंतर न्यूट्रोफिल या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उगवायला साधारण 27 दिवस, प्लेटलेटला 35. तोवर गाळलेल्या हवेची खोली. एक बुरशी आत शिरली तरी खेळ खलास.

किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटींच्या वर. आणि 2023 ची मंजुरी होती 12 वर्षांवरच्यांसाठी. वावर विकलं तरी त्या मुलीचा नंबर लागत नाही.

हो, परिणाम जबरदस्त आहे. ज्या 31 जणांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला त्यातले 29 जण सलग किमान बारा महिने मोठ्या क्रायसिसशिवाय राहिले. ते मी नाकारत नाही. आणि "आपल्याकडे होणारच नाही" असंही कोणी म्हणू नये. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून कॅन्सरची कार-टी थेरपी करून दाखवली, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, किंमत अमेरिकेच्या साधारण एक दशांश. ठीक आहे. मानलं.

पण मला राग कशाचा येतो माहीत आहे? 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी लॅन्सेटमध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं. उणीपुरी सात दशकं होत आली. आणि आजही एखाद्या तालुक्याच्या लॅबमध्ये सिकलसेल ओळखणाऱ्या सोल्युबिलिटी टेस्टची नळी धड लागत नाही.

नळी म्हणजे काय भानगड आहे? 2 मिलिलिटर द्रावण, त्यात फॉस्फेट बफर, सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट. त्यात 20 मायक्रोलिटर रक्त. पाच मिनिटं थांबा. नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन झाकल्या तर पॉझिटिव्ह. डायथायोनाइटचं काम ऑक्सिजन खेचून घेण्याचं, आणि हवेत, ओलाव्यात, उष्णतेत ते स्वतःच मरतं. नागपूरचा मे महिना, 45 अंश, दुपारची लाइट गेलेली, बाटलीचं झाकण अर्धवट लावलेलं. असलं मेलेलं द्रावण वापरलं की सगळ्या नळ्या स्वच्छ दिसतात, सगळं गाव निगेटिव्ह! आणि त्या निगेटिव्हच्या भरवशावर दोन वाहकांचं (एकेकच सिकल जीन असलेल्या एएस माणसांचं) लग्न लागतं.

उपाय फुकट आहे. प्रत्येक बॅचला दोन नळ्या जास्त लावायच्या, एक माहितीतल्या एएसच्या रक्ताची, एक नॉर्मल. एएसची नळी गढूळ झाली नाही तर बाटली बेसिनमध्ये ओता आणि नवीन बनवा. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्या, नाहीतर खोटं निगेटिव्ह येतं. सहा महिन्यांखालच्या बाळावर ही टेस्ट करूच नका, त्याच्यात एचबीएफच भरलेलं असतं. जेवल्याबरोबर घेतलेलं चरबीचं रक्त असेल तर उलट खोटं पॉझिटिव्ह. आणि पॉझिटिव्ह आली तरी एएस की एसएस ते नळी सांगत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी लागतेच. तीही अलीकडे रक्त चढवलेल्या मुलात फसवते. दात्याचं एचबीए (नॉर्मल हिमोग्लोबिन) मधे दिसतं आणि एसएसचं पोरगं वाहकासारखं वाटतं. तीन महिने थांबा, नाहीतर आईबापांचं रक्त तपासा.

यात कोणाला शोधनिबंध काढावासा वाटत नाही, बाप्पा. 45 अंशांत टिकणारं डायथायोनाइटचं पाकीट, एकेका टेस्टपुरतं सीलबंद, हेसुद्धा बायोइंजिनिअरिंगच आहे ना?

आता त्या बंद पडलेल्या गोळीचं. हायड्रॉक्सियुरिया हेसुद्धा एचबीएफच वाढवतं. 18 कोटींची कात्री जे काम कायमचं करते, तेच ही कॅप्सूल रोज थोडं थोडं करते. 1995 च्या अमेरिकन चाचणीत 299 प्रौढ होते, खोटी गोळी घेणाऱ्यांना वर्षाला साडेचार क्रायसिस आले, औषध घेणाऱ्यांना अडीच. पण आपल्या मुलांना चालेल का, डोस किती, हे आपल्याच नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली छापलं. किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, ठरावीक कमी डोस. क्रायसिस, रक्त चढवणं, भरती, तिन्ही घटले. प्रयोगशाळेतून खाटेपर्यंत म्हणतात ते हेच, आणि ते इथंच झालं. त्याचं फॉरवर्ड कधी आलं का तुम्हाला?

अडचण कुठं येते सांगते. 18 किलोच्या मुलीला रोज 180 मिलिग्रॅम. कॅप्सूल येते 500 ची. मग घरी काय होतं? आई कॅप्सूल उघडते आणि पावडरचे अंदाजे तीन भाग करते, किंवा "आठवड्यातून दोनदा" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. त्यापेक्षा कॅप्सूल 10 मिलिलिटर पाण्यात ढवळायची, म्हणजे मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. सुईशिवायच्या सिरिंजनं 3.6 मिलिलिटर द्यायचं, उरलेलं टाकून द्यायचं. औषध पाण्यात विरघळतं, तळाला बसते ती भरावाची भुकटी. हातमोजे घालायचे, गरोदर बाईनं हात लावायचा नाही. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, आणि सीबीसी सुरुवातीला दर महिन्याला. न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट घसरले तर थोडे दिवस बंद, सावरले की पुन्हा. साध्या तापमानाला टिकणारं पातळ औषध भारतात 2024 मध्ये तयार झालंय. ते गोंदियाच्या पीएचसीच्या कपाटात दिसू द्या, मग तिरंगा लावून फॉरवर्ड करा. मी स्वतः करीन.

(सिकलसेलचंच व्होक्सेलोटर हे औषध आठवतं का? 2019 ला किती नाचले होते सगळे! हिमोग्लोबिनचा आकडा वाढायचा खरा. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीनंच जगभरातून परत घेतलं. रिपोर्टातला आकडा सुधारणं वेगळं, पेशंट सुधारणं वेगळं.)

लिहिता लिहिता राग जरा निवळला. त्या बापाचा प्रश्न काही मूर्खपणाचा नव्हता. लेकरासाठी जमीन विकायला निघालेल्या माणसाला उत्तर द्यायला हवं, आणि उत्तर आहेसुद्धा. मुलीला मोठा भाऊ आहे, तो एएस आहे. वाहक भावंड मगज देऊ शकतं. एचएलए (ऊतींचा गट) पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. जुळलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटनं सिकलसेल बरा होतो, 1984 पासून जगाला माहीत आहे, आणि लहान वयात केलं तर जगण्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर. तिथंही बुसल्फानसारखी औषधं आहेत, खर्च लाखांत आहे, सोपं काहीच नाही. पण 18 कोटींसमोर ते डोळ्यांना दिसणारं अंतर आहे. फाइलीत एचएलए हा शब्द कुठंही नव्हता. उद्या भावाचं रक्त पाठवायचं ठरलंय. आणि गोळी आजच सुरू झाली.

संशोधनाकडून मला काय हवंय विचाराल तर बुसल्फान घालवा. मूळपेशींवरच्या सीडी117 या खुणेवर बसणाऱ्या अँटीबॉडीनं फक्त मूळपेशी हटवायच्या, बाकी शरीर शाबूत, यावर काम चालू आहे. ते जमलं तर मुलींची पाळी वाचेल, खोलीतले आठवडे कमी होतील. मगजापर्यंत जाणारे चरबीचे थेंब जमले तर खरोखरच इंजेक्शन म्हणता येईल, आणि त्या दिवशी विदर्भासारखी गरज जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तोवर सिकलसेल समजणारी माणसं असलेले ट्रान्सप्लांटचे बेड आणि अ‍ॅफेरेसिसची मशीन नागपुरात वाढवा. बिरसा-101 उद्या मंजूर झालं तरी ते चढवायला याच गोष्टी लागणार आहेत.

आणि घरी एसएसचं मूल असेल तर एवढं पाळा. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन दिवसातून दोनदा, तीन वर्षांखाली 125 मिलिग्रॅम, पुढं 250. 1986 च्या चाचणीत जिवावर बेतणारे न्यूमोकोकसचे संसर्ग 84 टक्क्यांनी घटले होते. सोबत न्यूमोकोकसची लस. ताप 101 च्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. बाळ निजलेलं असताना डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून प्लीहा चाचपायला शिका आणि किती बोटं लागते ते वहीत लिहा. एकदम वाढली आणि बाळ पांढरं पडलं तर रक्त प्लीहेत अडकलंय, हातात काही तासच असतात. 108 ला फोन करताना "सिकलसेलचं मूल आहे, रक्त लागेल" हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि रक्तगटाची चिठ्ठी फाइलीच्या वरच लावून ठेवा.