खिडकी कुणाच्या मालकीची?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या खिडक्यांवरून रण पेटलं आहे. साताऱ्यात व्यंकटपुरा पेठेतला वाडा, माडीच्या रस्त्याकडच्या खिडक्या आणि थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, प्रस्ताव: जुन्या झडपा आणि चौकटी काढायच्या, ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवायचं, मच्छरजाळीसकट. कोटेशनचा फोटोही त्याने टाकला. लगेच पुण्याहून, बंगळुरूहून, न्यू जर्सीहून आणि माझ्याकडून एडिंबऱ्याहून उसासे सुटले. "आजोबांच्या खिडक्या!" "असं सागवान आता मिळतं का कुठे!" रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही न लिहिणाऱ्या वहिनींनी मग एकच ओळ टाकली: "जुलैत झड आली की गाद्या कोण उचलतं?"

त्यानंतर ग्रुप दोन दिवस गप्प.

वहिनींचं बरोबर आहे. आणि तरीही त्या खिडक्या काढू नयेत, असं माझं मत आहे. मात्र त्यासाठी आम्ही बाहेर राहणारे जी कारणं देतो, ती बहुतेक फुकाची आहेत.

आधी खिडकीचंच बघू. माडीवरच्या या खिडक्यांना सागाची चौकट, मध्ये उभे लोखंडी गज आणि झडपांचे दोन मजले: खाली दोन, वर दोन. खालच्या मिटून वरच्या उघड्या ठेवल्या की रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही, वारा मात्र खेळतो. गेल्या उन्हाळ्यात घरी गेले होते तेव्हा पेठेतल्या सुतारमामांना बोलावलं. पश्चिमेच्या खिडकीची झडप नुसती बघितली तर भंगारात जायच्या लायकीची. ऑइलपेंटचे पोपडे सुटलेले, खालची आडवी पट्टी बोटाने दाबली की भुगा. मामांनी पटाशीचं टोक तळाशी लावलं, ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. मग दर दोन बोटांवर टोचत ते वर सरकत गेले. चार बोटांपर्यंत मऊ, सहाव्या बोटाला पटाशी टणकन थांबली. "एवढंच गेलंय," ते म्हणाले. "झडपा काढून टाकणार असाल तर मला द्या, मी नेतो."

सुतार फुकट न्यायला तयार आहे म्हणजे मालाची किंमत काय, हे दादालाही कळलं असावं. साताऱ्या-पुण्याकडे वाडा पाडणारे ठेकेदार जुन्या लाकडावर डोळा ठेवूनच दर ठरवतात, आणि कुणाच्या तरी वाड्याचे खांब मग कुठल्या तरी रिसॉर्टच्या दारात उभे राहतात.

खालची पट्टी का सडली, तेही मामांनी दाखवलं. लाकूड पाणी पितं ते अंगातून कमी, कापलेल्या टोकातून जास्त. झडपेच्या उभ्या दांड्यांची टोकं तळाशी उघडी असतात. तिथून पाणी शिरलं, आणि बाहेरून ऑइलपेंटचे एकावर एक हात चढवलेले असल्याने आतलं पाणी वाळायला वाटच उरली नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पण कडेचा पांढुरका भाग तिला चालतो, नि ओलीत तर फारच चालतो. उपाय त्यांनी दोन दिवसांत केला. सडलेला भाग तिरका कापून काढला. पोटमाळ्यावर पडलेल्या जुन्या फळीचा तुकडा, रेषा जुळवून, खाच-खुंटी करून बसवला आणि बांबूची मेख मारली. खालच्या कडेला बाहेरच्या बाजूने उतार दिला आणि पोटाखाली बारीक खोबण पाडली, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, आत वळत नाही. रंग खरवडून बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसतेलाचे, हात दिले. (जुना रंग खरवडताना मी त्यांना ओला करून खरवडायला लावला, तोंडाला फडकं बांधायला लावलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं ते बघितलं. पण घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत काय आहे कुणास ठाऊक. ती धूळ पोरांच्या पोटात जायला नको.)

स्लायडिंगची बाजूही तपासू. दोन पट्ट्यांचं स्लायडिंग कितीही सरकवा, निम्मीच खिडकी उघडते. एका काचेमागे दुसरी उभी असतेच. आमच्या माडीची भिंत मातीतली. तिच्यातून चौकट उचकटली की वरच्या फळ्यांचा आधार हलतो, मग सिमेंटने चौकोन बांधून काढावा लागतो, आणि मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते. चाकं झिजली, रबर कडक झालं आणि कंपनीने तो नमुना बंद केला की सुतारमामा काही करू शकत नाहीत. "मेंटेनन्स फ्री" याचा अर्थ एवढाच की मेंटेनन्स करताच येत नाही. मच्छर मात्र खरे आहेत, तिथे मी वहिनींच्या बाजूची. जाळीची हलकी चौकट आतून, गजांच्या अलीकडे बिजागरीवर बसवता येते. जुन्या लाकडाला फक्त चार स्क्रू लागतात.

आता एडिंबरा. मी राहते ती इमारत दगडी, एकोणिसाव्या शतकातली, एका जिन्याभोवती आठ घरं. खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी. चौकटीच्या पोटात लोखंडी वजनं दोरीला टांगलेली असतात. काच जेवढी जड तेवढंच वजन, म्हणून एका बोटाने खिडकी वर जाते. खालचा पल्ला बिजागरीवर आत वळतो, बाहेरून काच पुसायला. आतल्या बाजूला घडीच्या लाकडी झडपा, दिवसा भिंतीच्या कप्प्यात जाणाऱ्या. हिस्टॉरिक स्कॉटलंड या सरकारी वारसा संस्थेने २००८ मध्ये अशा खिडक्यांवर मोजमापं करवून घेतली, तेव्हा नुसत्या झडपा मिटल्याने काचेतून जाणारी ऊब जवळपास निम्म्याने कमी झाली. म्हणजे आमच्या माडीवरच्या झडपांची ही लांबची बहीण. फरक एवढाच की तिला थंडी अडवायची असते, आमच्यांना झड आणि ऊन.

आणि इथेच आमच्यातला प्रत्येक जण ते वाक्य बोलतो: "इकडे बघा, लोक कसं जपतात!"

लोक जपतात, कारण इमारत सरकारच्या वारसा सूचीत असेल तर परवानगीशिवाय खिडकी बदलणं गुन्हा आहे. माझ्या शेजारणीला परवानगी असती तर तिने प्लॅस्टिकची खिडकी केव्हाच बसवली असती, असं ती दर जानेवारीत बोलून दाखवते. तिथलं सरकारही काही धुतल्या तांदळासारखं नाही. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याची दुरुस्ती केली तर २० टक्के. सूचीतल्या इमारतींमधल्या मंजूर फेरफारांना पूर्वी सूट होती, तीही ऑक्टोबर २०१२ पासून गेली. एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने कर. साताऱ्यात वाड्यांना असाच कायदा लावा म्हणणाऱ्यांना मी विचारते, दुरुस्तीला पैसा कुणाचा? मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे. पण नुसती यादी कुणाची पन्हळ बदलून देत नाही. उलट यादीत नाव जायच्या आत पाडून मोकळं व्हावं, असा विचार करणारे आपल्याकडे भरपूर निघतील.

एडिंबऱ्याहून साताऱ्याला काही न्यायचंच झालं, तर मी तो खिडक्यांचा कायदा नेणार नाही. दुसरा नेईन, ज्याच्याबद्दल कुणी फोटो टाकत नाही.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीवर पाणी येत होतं ते आभाळातून कमी, वरच्या फुटक्या पन्हळीतून जास्त. पन्हळ पत्र्याची, दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. पण छप्पर सगळ्यांचं. उताऱ्यावर नावं चुलत्यांची, त्यांच्या मुलांची, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आम्हा मुलींचीही, जे योग्यच झालं. आता दादाने पन्हळ बदलली तर खर्च त्याचा, आणि उद्या वाटणीला बसल्यावर "तुला कुणी सांगितलं होतं?" हेही त्यालाच. म्हणून तो छपराला हात लावत नाही. स्वतःच्या खोलीच्या खिडकीचं बघतो, कारण तेवढंच त्याच्या हातात आहे. स्लायडिंगचा हट्ट यातून आला आहे. आम्ही त्याला वारशाची कदर नाही म्हणतो, आणि छपराच्या खर्चाचा विषय निघाला की "बघू, सगळे जमलो की बोलू" म्हणतो. सगळे जमतो ते लग्नात, आणि लग्नात कोण पन्हळीवर बोलतं?

त्यातही आमच्या सह्या सर्वांत अडचणीच्या. माझं मुखत्यारपत्र हवं तर इथल्या भारतीय वकिलातीत वेळ घ्या, कागद करा, कुरिअरने पाठवा. न्यू जर्सीच्या भावाचंही तेच. जो वाड्यापासून जितका लांब, त्याचा गळा तितका दाटून येतो आणि त्याची सही तितकी उशिरा येते.

स्कॉटलंडमध्ये २००४ चा टेनेमेंट कायदा आहे, म्हणजे एकाच इमारतीत अनेक मालकांची घरं असतील तर त्यांच्यासाठीचा. इमारतीच्या हक्कपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर छप्पर, बाहेरच्या भिंती अशा सामाईक भागांची दुरुस्ती मालकांच्या बहुमताने ठरते. एकमत लागत नाही. ठरलं की खर्च सगळ्यांवर, विरोधात मत दिलेल्यावरही. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा मालक म्हणाला होता, छप्पर गळतं त्याचं मला काय, मी तर खाली. त्यालाही वाटा भरावा लागला. आणि कुणी पैसे देतच नसेल, सापडतच नसेल, तर काही अटींवर कौन्सिल त्याचा वाटा भरून काम पुढे जाऊ देते आणि मागाहून त्याच्याकडून वसूल करते. भांडणं इथेही होतात, जिन्यात एकमेकांकडे न बघता जाणारे शेजारी इथेही आहेत. पण भांडण चालू असताना पन्हळ बदललेली असते.

आपल्याकडे सामाईक मिळकतीच्या वादाला वाटपाचा दावा हा राजमार्ग. दाव्याला वर्षं लागतात, तोवर वाडा वाट बघतो, आणि मग नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटते. खिडकीची सहा बोटं सडतात तेव्हा सुतार पुरतो. तुळईचं टोक सडलं की प्रकरण बिल्डरकडे जातं.

कुणी म्हणेल, वाड्यात बहुमताचा कायदा आणला तर तीन भाऊ मिळून चौथ्याला खर्चाखाली दाबतील. भीती खोटी नाही. म्हणून मर्यादा हवी: असलेलं दुरुस्त करण्यापुरतंच बहुमत. नवं बांधायला, पाडायला, विकायला सगळ्यांच्याच सह्या. आणि पेठेत राहणाऱ्या म्हाताऱ्या आत्याकडे पैसे नसतील तर तिचा वाटा आत्ता न मागता पुढे वाटणीत धरायचा.

कायदा येईल तेव्हा येईल. आम्ही सध्या घरापुरतं एका कागदावर लिहून काढलं आहे. दरवर्षी मृगाच्या आधी छप्पर आणि पन्हळ बघायची, खर्च हिश्शाप्रमाणे, निर्णय निम्म्याहून जास्तांचा. बाहेर राहणाऱ्यांनी आपला वाटा मार्चमध्येच दादाच्या खात्यात टाकायचा, हिशेब त्याने ग्रुपवर टाकायचा. वाड्यात राहणाऱ्याने रोजची देखभाल केली तर तिचे पैसे वेगळे धरायचे, "तुम्ही तर तिथे राहताच ना" हे वाक्य बंद. बंगळुरूच्या बहिणीने अजून होकार दिलेला नाही. न्यू जर्सीच्या भावाने अंगठा दाखवला आहे, पैसे नाही.

रस्त्याकडच्या खिडक्या सुतारमामांकडे गेल्या आहेत, एकेक करून, कारण सगळ्या एकदम काढल्या तर माडी उघडी पडेल. त्यांचा मुलगा हे काम शिकलेला नाही, मॉड्युलर किचन करतो. पन्हळ बदलून झाली की त्याला दोन दिवस वडिलांबरोबर आमच्याकडे बसवता येईल का, ते दादा विचारून बघणार आहे. वहिनींच्या मागच्या खोलीला, परसाकडच्या बाजूला, स्लायडिंगच बसतंय. तिथली खिडकी १९८० च्या सुमाराची, जंगली लाकडाची, तिच्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं. रंग त्यांनी पांढरा निवडला आहे.