मऊ सोलच्या भरवशावर गुडघा सोडू नका

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि धावणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: गुडघे दुखत असतील तर सगळ्यात मऊ आणि सगळ्यात हलके रनिंग शूज घ्या, कारण जाड सोल धक्का शोषून घेतो, शूज तळपायाच्या कमानीनुसारच निवडा, आणि पन्नाशी उलटली असेल तर धावणं सोडा, गुडघे झिजतात. हा सल्ला मानून लोक दहा-बारा हजारांचे शूज घेतात, दुखणं तसंच राहतं आणि शेवटी धावणं बंद होतं. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहायला हवा.

जाड सोल धक्का शोषतो, हे अंगठ्याने फोम दाबून पाहिलं की पटतं. पण पळताना त्या फोमवर जिवंत माणूस उतरत असतो. पायाखाली मऊ लागलं की शरीर आपोआप पाय जरा ताठ ठेवतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली जाड सोलचे हॉका आणि नेहमीच्या कुशनचे ब्रुक्स अशा दोन कंपन्यांच्या शूजची तुलना केली. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगात आदळण्याचा जोर जाड सोलमध्ये कमी नाही, उलट जास्त भरला.

म्हणजे कुशन निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून जास्त हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, पण काहींना कडक आणि काहींना मऊ सोलचे शूज देऊन सहा महिने पाहिलं गेलं, तेव्हा कडक सोलवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. मात्र मऊ सोलचा हा फायदा वजनाने हलक्या धावपटूंमध्ये दिसला, जड धावपटूंमध्ये तसा दिसला नाही. ‘वजन जास्त, म्हणून जास्तीत जास्त मऊ शूज’ हा दुकानातला ठरलेला सल्ला इथे टिकत नाही.

मूळ गोष्ट पुढे आहे. धावणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं गुडघ्याच्या वाटीभोवती असतं. जिना उतरताना किंवा मांडी घालून बसल्यावर उठताना कळ येते ती हीच. वाटीवर सर्वाधिक दाब पाय टेकतो त्या क्षणी येत नसतो. तो येतो त्यानंतर, सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर असताना आणि मांडीचे स्नायू वाटी ओढून धरत असताना. तो दाब काही फोमने नाहीसा होत नाही.

हलकेपणाचं तर गुडघ्याशी फारसं नातंच नाही. शूजचं वजन पायामागे शंभर ग्रॅमने कमी झालं तर धावायला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने कमी होते. शर्यतीत वेळ काढणाऱ्याला ते मोलाचं आहे, दुखऱ्या गुडघ्याला नाही. आणि गुडघ्याची झीज झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हा सल्ला मला खरोखर काळजीचा वाटतो. मेलबर्न विद्यापीठाने अशा १६४ जणांना रोजच्या वापरासाठी सहा महिने शूज दिले. निम्म्यांना सपाट, लवचीक आणि बाकीच्यांना भक्कम आधाराचे. २०२१ मध्ये निकाल आले. चालतानाच्या वेदनेत जाणवण्याइतका आराम भक्कम शूजवाल्यांपैकी ५८ टक्क्यांना मिळाला, लवचीक शूजवाल्यांपैकी ४० टक्क्यांना. आईवडिलांसाठी पिळला की चिंधीसारखा वळणारा शूज घेऊ नका.

कमानीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन्समधल्या हजारो नव्या भरतीवर हे तपासून झालंय. कमानीप्रमाणे शूज दिलेल्यांच्या दुखापती इतरांपेक्षा कमी झाल्या नाहीत.

राहिली झीज. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळली. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावण्याकडे वळतच नाहीत, हेही या आकड्यांत मिसळलेलं असणार, त्यामुळे धावल्याने गुडघे सुधारतात असा अर्थ मी काढणार नाही. पण हौसेने धावणाऱ्याचे गुडघे झिजणारच, ही भीती त्यातून नक्कीच खोटी ठरते.

मग दुखतं कशाने? बहुतेकदा अचानक वाढवलेल्या भाराने. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी डिसेंबरात एकदम किलोमीटर वाढवायचे, किंवा सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या सरावात यवतेश्वरचा घाट सलग उतरायचा. उतारावर मांडीचे स्नायू ब्रेक लावत असतात आणि त्याची किंमत वाटी मोजते. कॅनडात वाटी दुखणाऱ्या ६९ धावपटूंवर झालेल्या अभ्यासात भार कसा सांभाळायचा एवढं नीट शिकवलेल्यांना, त्यासोबत व्यायाम किंवा धावण्याची ढब बदलायला दिलेल्यांइतकाच आराम पडला. अंतर कमी करा, उतार आणि वेगाचे दिवस काही आठवडे वगळा, दुखणं दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल तरच पुढे जा. वेग तोच ठेवून पावलं पाच-दहा टक्क्यांनी जलद आणि आखूड टाकली तरी गुडघ्यावरचा भार उतरतो.

शूज घ्यायचेच असतील तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, आपले नेहमीचे मोजे घालून जा. दुकानात दोन पावलं टाकून थांबू नका, बाहेर थोडं पळून बघा. जुना जोड टेबलावर ठेवून मागून पाहा: टाच एका बाजूला कलली असेल किंवा फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या असतील तर तो बदला. नव्या शूजमध्ये टाचेचा उंचवटा, म्हणजे सोल पुढच्यापेक्षा टाचेकडे जितका उंच असतो तो, एकदम कमी करू नका. त्याने गुडघ्याचा भार थोडा हलतो खरा, पण तो पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर जातो.

आणि गुडघा सुजत असेल, अडकत असेल, चालता चालता दगा देत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर शूजच्या दुकानाआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.