‘सगळ्यांना ग्रीन कार्ड’ या मेसेजबद्दल खुलासा

मिरज, तासगाव, विटा भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘अमेरिका कागदपत्रं नसलेल्या सगळ्यांना कायदेशीर करणार आहे. आत्ता कुठल्याही मार्गाने पोहोचा, ग्रीन कार्ड नक्की.’ हे खरं नाही.

असा कायदा झालेला नाही. मागणी जुनी आहे, तिच्यावरचा वादही जुना. पण कायदा बदलणं तिथल्या संसदेच्या हातात आहे. मोठ्या प्रमाणावर हे घडलं ते १९८६ मध्ये, रेगन अध्यक्ष असताना. सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्य, म्हणजेच ग्रीन कार्ड मिळालं. मुख्य अट होती, १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून तिथे राहत असल्याची. २०१३ चं असंच एक विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं, खालच्या सभागृहात मात्र मतदानालाच आलं नाही. त्यातही ३१ डिसेंबर २०११ पर्यंत आलेल्यांचाच विचार होता. २०१२ ची ‘डाका’ (DACA) ही हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना लहानपणी तिथे गेलेल्यांपुरती, आणि तीही ग्रीन कार्ड देत नाही.

तारीख प्रत्येक वेळी मागची धरलेली आहे, हे नीट बघा. आज निघणारा त्यात बसतच नाही.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने कागदपत्रं नसलेले १०४ भारतीय अमृतसरला परत आणले गेले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते.

तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना हक्क मिळावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या मागणीच्या आडून कुणी इथल्या पोरांना तिकडे जाण्याच्या खर्चासाठी जमीन विकायला लावावी, हे सहन होत नाही. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.