चटईवाल्या मावश्या राहिल्या की हो

गोवा ट्रान्सवरचा तुमचा लेख आवडला, पण गोव्यातल्या रात्रभराच्या पार्ट्यांतलं हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत म्हणजे फक्त परदेशी हिप्पी आणि डीजे असं जे चित्र उभं राहतं ते अर्धंच आहे. गोवा गिल या अमेरिकन डीजेबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, २०२३ मध्ये गेला तो, त्याला मी ९८ साली हणजुण्याला (म्हणजे अंजुनाला) ऐकलंय, डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर वाजवायचा, उन्हात व्हिनाइलच्या तबकड्या वाकतात म्हणून तिकडे टेपच चालायच्या आणि टेपवर स्क्रॅचिंग (तबकडी हाताने मागेपुढे फिरवणं) वगैरे जमत नाही ना, म्हणून मग एक अख्खं गाणं सावकाश दुसऱ्यात मिसळत न्यायचं, तो लांबच लांब चढत जाणारा साउंड काही अंशी त्यातनंच आलाय असं माझं ठाम मत आहे. मिनिटाला १४५ ठोके, आणि पायाखालची लाल माती उडून सकाळी नाकात, केसात, सगळीकडे.

पण मला खरं आठवतं ते पार्टीच्या कडेला चटया टाकून बसलेल्या मावश्यांचं. रॉकेलचा दिवा, स्टोव्हवर चहाचं पातेलं, आम्लेट-पाव. माझ्या म्हापशाच्या मावसभावाची शेजारीण जायची, दिवस मावळायच्या आत जागा धरायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठायची. दमलेली पोरं तिच्या चटईवर बिनधास्त झोपायची, ती अंगावर चादर घालायची ओ त्यांच्या!

रात्री दहानंतर स्पीकर बंदचा २००० सालचा नियम आला, तेव्हा पार्ट्यांइतकाच या बायकांच्या कमाईवर घाला आला. त्यांच्यावर एक वेगळा लेख लिहाच, प्लीज.